चष्म्याचें घर

आपल्या भाषेंत पेनाला टोपण असतें, पुस्तकाला वेष्टण असतें, तरवारीला म्यान असतें. चष्म्याला मात्र आपण घर देतों. ज्या डबींत चष्मा ठेवावयाचा तिला मराठी माणूस 'चष्म्याचें घर' म्हणतो. हें नांव ज्यानें कोणीं प्रथम योजिलें त्यास या वस्तूचें मर्म कळलें होतें, असें आम्हांस वाटतें. आंत राहणारा केवढा आहे, त्याला काय सोसतें व काय सोसत नाहीं, हें जाणून बांधलेली जागा म्हणजे घर. असें एक घर आमच्या शाळेंतील इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांनीं व आम्हीं मिळून गेल्या वर्षीं लांकडाचें तयार केलें. त्याचे भाग लेसर यंत्रानें कापले. या कामांत आम्ही दोनदां चुकलों व तिसऱ्या खेपेस तें साधलें. त्या चुका आणि त्यांतून निघालेलें गणित वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कामाचें निमित्त

आमच्या वर्गांत तिसऱ्या बांकावर बसणारी एक मुलगी फळ्यावरचें न उतरवितां शेजारणीच्या वहींतून उतरवीत असे. तिचें लक्ष नसतें, असें आम्हीं तिला दोनदां सर्वांसमक्ष बोलून दाखविलें. पुढें पालकसभेच्या दिवशीं तिच्या आईची गांठ पडली. तेव्हां कळलें कीं, मुलीला चष्मा आहे. परंतु तो घरीं कपाटांत हातरुमालांत गुंडाळून ठेविलेला असतो. पहिला चष्मा दप्तरांत पुस्तकें आणि जेवणाचा डबा यांच्याखालीं चेंगरून मोडला होता. वडील वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर कामास जातात. त्यांनीं पदरमोड करून दुसरा चष्मा आणला आणि तो घराबाहेर न्यावयाचा नाहीं, अशी सक्त ताकीद दिली. म्हणजे मुलीचें चित्त ठिकाणावर होतें. ठिकाणावर नव्हता तो चष्मा. आम्हीं त्या मुलीची क्षमा मागितली. परंतु क्षमा मागितल्यानें फळा दिसूं लागत नाहीं. तिच्या चष्म्याला दप्तरांत सुरक्षित राहतां येईल अशी सोय करणें हाच खरा उपाय होता.

चष्म्याबरोबर दुकानांतून जी मऊ पिशवी मिळते ती भिंगावर चरे पडूं देत नाहीं. पण वजन पेलण्याची शक्ति तिच्या अंगीं नसते. बाजारांत टणक डब्याहि मिळतात. मग स्वतः करण्याचा खटाटोप कां केला, असें कोणी विचारील. आम्हीं वर्गांत चौकशी केली तेव्हां चष्मा असून तो न आणणारीं आणखी तीन मुलें निघालीं, आणि त्या चौघांच्या चष्म्यांचीं मापें चार तऱ्हेचीं होतीं. शिवाय हस्तव्यवसायाच्या तासाला मुलांना खरें काम हवें होतें. ज्याच्यावर कोणाचें तरी कांहीं अवलंबून आहे असें काम मुलें निराळ्याच मनानें करतात, हा आमचा जुना अनुभव आहे.

चष्मा आणि चाळिशी

'चष्मा' हा शब्द फारसींतील 'चश्म' म्हणजे डोळा या शब्दापासून आलेला आहे. आपल्या आजीआजोबांच्या तोंडीं त्याला दुसरें एक नांव असे, तें 'चाळिशी'. वयाच्या चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास जवळचें अक्षर दिसेनासें होतें म्हणून हें नांव पडलें. युरोपांतहि चष्म्याचा आरंभ म्हाताऱ्या वाचकांसाठींच झाला. इटलींतील एक धर्मोपदेशक जोर्दानो यांनीं इ. स. १३०६ मध्यें फ्लॉरेन्स येथें केलेल्या प्रवचनांत, ही कला निघून अद्यापि वीस वर्षें झालीं नाहींत, असा उल्लेख केला आहे. त्यावरून तेराव्या शतकाच्या अखेरीस चष्मा प्रचारांत आला, असें मानतात. ती भिंगें बहिर्वक्र होतीं. दूरचें न दिसणारांस, म्हणजे लघुदृष्टीच्या माणसांस, उपयोगी पडणारें अंतर्वक्र भिंग पंधराव्या शतकांत वापरांत आलें.

आज आमच्या वर्गांतील ज्या मुलांना चष्मा लागतो त्यांपैकीं बहुतेकांस हा लघुदृष्टीचाच दोष आहे. 'चाळिशी' हें नांव त्यांस शोभणारें नाहीं. लहान मुलांत हा दोष जगभर वाढत आहे. रोज कांहीं वेळ घराबाहेर, सूर्यप्रकाशांत खेळणाऱ्या मुलांना तो जडण्याचा संभव कमी असतो, असें डॉक्टरांच्या संशोधनांत आढळलें आहे. परंतु तो एकदां जडला म्हणजे चष्मा नेमानें वापरणें हें ओघानेंच आलें.

लेसर यंत्र

उन्हांत भिंग धरून कागद जाळण्याचा खेळ प्रत्येक मुलानें केलेला असतो. भिंग सूर्याचे किरण एका बिंदूंत गोळा करतें व तेथील कागद पेट घेतो. लेसर यंत्र लांकूड कापतें तें याच तत्त्वावर. भेद किरणांत आहे. सूर्याचे किरण अनेक रंगांचे असून ते आपणांस केवळ एका दिशेनें येत नाहींत. लेसरचा किरण एकाच जातीचा, एकाच दिशेचा व एकाच तालाचा असतो, आणि म्हणून भिंगानें तो फारच लहान बिंदूंत आणतां येतो.

असा किरण निर्माण होऊं शकेल याचें मूळ तत्त्व आइन्स्टाईन यांनीं १९१७ सालीं मांडलें. प्रत्यक्ष पहिला लेसर किरण थिओडोर मेमन यांनीं अमेरिकेंत १६ मे १९६० रोजीं माणकाच्या कांडींतून काढला. परंतु आज लांकूड, कागद व कापड कापणाऱ्या यंत्रांत बहुधा जो किरण असतो तो माणकाचा नव्हे. तो कार्बन डायऑक्साइड वायूचा. आपण उच्छ्वासाबरोबर जो वायु बाहेर टाकतों तोच हा. या वायूचा लेसर १९६४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सी. कुमार एन. पटेल यांनीं शोधून काढला. पटेल यांचा जन्म १९३८ सालीं आपल्या बारामतीस झाला, आणि अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत जाण्यापूर्वीं त्यांनीं पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पदवी घेतली होती. ही गोष्ट ऐकून आमच्या विद्यार्थ्यांचे चेहरे किती खुलले, हें आम्हीं पाहिलें आहे.

या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर आहे. आपल्या डोळ्यांस दिसणारा तांबडा प्रकाश सुमारें ०.७ मायक्रोमीटरला संपतो. म्हणून हा किरण डोळ्यांस मुळींच दिसत नाहीं. लांकूड तो शोषून घेतें व क्षणांत त्या जागीं जळून वाफ होऊन जातें. साधी कांचहि तो शोषून घेते. यासाठीं यंत्रांतील भिंग कांचेचें नसून झिंक सेलेनाइड नांवाच्या पदार्थाचें असतें.

सामान्य माणसाच्या हातीं अशीं यंत्रें यावींत यासाठीं महाराष्ट्रांत फार लवकर प्रयत्न झाला. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम सुरू केला. 'फॅब लॅब' म्हणजे संगणकाच्या आज्ञेनें वस्तु घडविणारी कर्मशाळा. अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेबाहेर ज्या अगदी पहिल्या फॅब लॅब निघाल्या, त्यांपैकीं एक २००२ सालीं या आश्रमांत निघाली. आतां आमच्या छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंत, नामफलक व लग्नाच्या पाट्या करणाऱ्या लहान दुकानांतूनहि लेसर यंत्र दिसतें. आमचें काम अशाच एका दुकानांत झालें. दुकानदारांनीं सुट्टीच्या दिवशीं यंत्र आम्हांसाठीं चालविलें व मुलांच्या असंख्य प्रश्नांस न कंटाळतां उत्तरें दिलीं.

मापें

प्रथम ज्याच्यासाठीं घर बांधावयाचें तो चष्मा मोजला. पुष्कळ चष्म्यांच्या दांडीवर आंतल्या बाजूस बारीक अंक असतात. या चष्म्यावर ५०, १८ व १३० असे तीन अंक होते. पहिला अंक एका भिंगाची रुंदी, दुसरा नाकावरील पुलाची रुंदी व तिसरा दांडीची लांबी, सर्व मिलिमीटरांत. एका विद्यार्थ्यानें तत्काळ हिशेब केला: दोन भिंगें १०० आणि पूल १८, म्हणून चष्म्याची रुंदी ११८. पट्टी लावून पाहिली तों ती भरली १३४! भिंगाभोंवतीं फ्रेम असते आणि दोन्ही टोकांस दांडीची बिजागरी असते. त्या गोष्टी अंकांत धरलेल्या नसतात. छापील अंकावर विसंबून आम्हीं पेटी केली असती तर तींत चष्मा शिरलाच नसता.

दांड्या मिटलेल्या स्थितींत चष्म्याचीं मापें आलीं तीं अशीं: लांबी १३४, रुंदी ४२ व जाडी ३६ मि. मी. पेटीच्या आंत २ मि. मी. जाडीचें मऊ अस्तर लावावयाचें ठरलें. शिवाय चष्मा काढतां-घालतां यावा म्हणून प्रत्येक बाजूस २ मि. मी. मोकळी जागा सोडावयाची होती. म्हणजे प्रत्येक मापांत दोन्ही बाजू मिळून ८ मि. मी. वाढवावयाचे. तेव्हां पेटीची आंतील लांबी १४२, रुंदी ५० व उंची ४४ मि. मी. ठरली. मोकळी जागा याहून अधिक ठेवूं नये. सैल घरांत चष्मा हिंदकळतो, आणि वाटेंत शंभरदां आपटलेला चष्मा एकदां चेंगरलेल्या चष्म्याइतकाच दुबळा होतो.

लांकूड म्हणून प्लायवूड घेतलें. सागवानाची पातळ फळी दिसावयास सुंदर. परंतु लांकूड ओलाव्यानें तंतूंच्या आडव्या दिशेनें फुगतें व कोरड्या हवेंत आकसतें. आमच्या मराठवाड्यांतील उन्हाळा आणि पावसाळा यांत हवेच्या ओलाव्याचें अंतर मोठें. प्लायवूडांत पातळ थर एकमेकांवर आडवेउभे चिकटविलेले असल्यामुळें एका थराचें फुगणें दुसरा थर आवरून धरतो. दुकानांत तें ३ मि. मी. जाडीचें म्हणून मिळालें. प्रयोगशाळेंतील व्हर्निअर कॅलिपरनें मोजलें तेव्हां २.८ भरलें. मुलांनीं २.८ हाच अंक वहींत लिहिला.

रेषेला रुंदी असते

आतां आमची पहिली चूक सांगतों. पेटीच्या भिंती एकमेकींत दांते व खांचा यांनीं बसवावयाच्या होत्या. दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत गुंफावीं तशी ही रचना असते. संगणकावर आम्हीं दांता १० मि. मी. रुंद काढला, खांचहि १० मि. मी. काढली. आकृति निर्दोष दिसत होती. यंत्रानें सर्व भाग आठ-दहा मिनिटांत कापून दिले. मुलांनीं ते जुळविले आणि पेटी उचलतांच भिंती गळून पडल्या.

असें कां व्हावें? भूमितींत रेषेला लांबी असते, रुंदी नसते, असें आम्हींच या मुलांना शिकविलें होतें. कागदावरच्या विचारांत तें खरें आहे. परंतु लेसरची रेषा म्हणजे जळालेलें लांकूड. जेवढें जळालें तेवढें नाहींसें झालें. तेव्हां त्या रेषेला रुंदी आहे. प्रश्न इतकाच कीं ती किती?

आमच्या व्हर्निअरवर ०.१ मि. मी. पर्यंतच वाचतां येतें. इतका बारीक छेद एकटा मोजूं गेल्यास चूक मापाएवढी होईल. येथें एक युक्ति उपयोगी पडली. प्लायवूडच्या एका तुकड्यांत १०० मि. मी. लांबीचा आयत आंखून त्याचे १० मि. मी. चे दहा भाग पाडले व सर्व रेषा कापल्या. दहा भागांना, दोन्ही टोकें धरून, अकरा उभ्या रेषा लागतात. ते दहा तुकडे त्यांच्याच चौकटींत एका बाजूस सरकवून बसविले. दुसऱ्या बाजूस जी फट उरली ती अकरा छेदांची बेरीज. फट भरली २.२ मि. मी. तिला ११ नें भागलें, तों एका छेदाची रुंदी ०.२ मि. मी. आली. लहान वस्तु अनेक एकत्र करून मोजावी व संख्येनें भागावें, ही रीति आपण एका पानाची जाडी काढतांना पुस्तकाच्या शंभर पानांवर वापरतोंच.

यापुढील गणित सोपें आहे. किरणाचा मध्य आंखलेल्या रेषेवरून जातो. म्हणून रेषेच्या दोन्ही अंगांस ०.१ मि. मी. लांकूड जातें. दांत्याच्या दोन बाजू कापल्या जातात, तेव्हां १० चा दांता ९.८ होतो. खांचेच्याहि दोन बाजू रुंदावतात, तेव्हां १० ची खांच १०.२ होते. दोहोंत ०.४ मि. मी. चें अंतर पडलें. एका सांध्यांत तें नजरेस येत नाहीं. पण पेटीच्या सर्व सांध्यांत मिळून तें पेटी मोडण्यास पुरेसें झालें. यावर उपाय म्हणजे आकृतींत दांता १०.२ व खांच ९.८ अशी काढणें. मग कापल्यानंतर दोन्ही बरोबर १० होतात व हातानें दाबून बसवावीं लागतात. सांध्यांत सुतारकामाचा पांढरा फेविकॉल लावून पेटी रात्रभर दोरीनें आंवळून ठेवली.

येथें एक सूचना केली पाहिजे. हे ०.२ मि. मी. त्या दिवसाचें, त्या यंत्राचें व त्या लांकडाचें माप होय. यंत्र बदललें, भिंग मळलें, लांकूड जाड घेतलें कीं तें बदलतें. म्हणून दुसऱ्याचें माप उसनें न घेतां दहा तुकड्यांची परीक्षा प्रत्येकानें स्वतः करावी.

तंतूंची दिशा

दुसरी चूक काटकसरीनें झाली. पितळेची बिजागरी बाहेर येऊन दप्तरांत अडकूं नये म्हणून आम्हीं मागची भिंत व झांकण एकाच फळीचें करावयाचें ठरविलें. कठीण प्लायवूड वांकणार कसें? त्यासाठीं जेथें वळण हवें त्या पट्ट्यांत पेटीच्या लांबीला समांतर अशा अनेक बारीक चिरा पाडतात. एका ओळींतील चिरा जेथें संपतात तेथें शेजारच्या ओळींतील चिरेचा मध्य येतो. विटांच्या भिंतींत सांध्यावर सांधा येऊं देत नाहींत तशीच ही मांडणी. चिरांमुळें लांकडाच्या लांब, निमुळत्या पट्ट्या उरतात. प्रत्येक पट्टी किंचित् पिळते आणि त्या सर्वांचा पीळ मिळून फळी वळते.

प्लायवूडचा पत्रा ६० सें. मी. लांब व ३० सें. मी. रुंद होता. त्यांत अधिक भाग बसावेत म्हणून मुलांनीं ही फळी आडवी मांडली व आम्हीं तीस संमति दिली. कापलेली फळी सुरेख दिसत होती. दोन वेळां झांकण उघडलें, आणि तिसऱ्या वेळीं कट्कन् आवाज होऊन तें हातांत आलें. मोडलेल्या जागीं पाहिलें तेव्हां कारण कळलें. तीन थरांच्या प्लायवूडांत बाहेरील दोन थरांचे तंतु एका दिशेचे असतात. आमच्या फळींत ते चिरांना आडवे गेले होते. म्हणजे प्रत्येक बारीक पट्टींत लांब तंतु न राहतां तोडलेल्या तंतूंचे आंखूड तुकडे राहिले होते. ऊंस उभा सोलतां येतो व आडवा तुकडा मोडतो, हें ज्याला ठाऊक आहे त्याला ही गोष्ट अगोदरच कळावयास हवी होती. तिसऱ्या खेपेस फळी अशी मांडली कीं बाहेरचे तंतु चिरांच्या दिशेनें धांवतील. पत्रा थोडा अधिक लागला; पण झांकण वळलें व टिकलें.

नक्षी आणि अस्तर

झांकणावर नक्षी कोणती काढावी याविषयीं वर्गांत बराच वाद झाला. शेवटीं बीबी-का-मकबऱ्यांतील संगमरवरी जाळीचा नमुना निवडला. दिलरस बानू बेगम हिच्या स्मरणार्थ सतराव्या शतकांत बांधलेल्या या इमारतींत कबरीभोंवतीं अष्टकोनी जाळीदार कठडा आहे. सहलीच्या वेळीं मुलांनीं तेथील भूमितीय आकृति वहींत उतरवून घेतल्या होत्या. कोणी म्हणाला, जाळी आरपार कापूं. परंतु चष्म्याच्या घराला भोंकें पडलीं तर धूळ आंत जाईल, आणि भिंगाचा खरा वैरी धूळच. तेव्हां यंत्राची शक्ति कमी करून नक्षी वरच्यावर कोरली.

याच सहलींत आम्हीं वेरूळचें दहावें लेणेंहि दाखविलें होतें. त्याला लोक 'सुताराची झोपडी' म्हणतात. सुमारें सातव्या-आठव्या शतकांतील या चैत्यांत छताला ओळीनें दगडी फांसळ्या आहेत. दगडाचें छत अखंड डोंगराचें. त्याला फांसळ्यांची गरज नाहीं. परंतु त्यापूर्वींच्या काळीं अशीं छतें लांकडाचीं होत. कार्ल्याच्या चैत्यांत तर खऱ्या लांकडी फांसळ्या अजून आहेत. सुतारानें गरजेपोटीं घडविलेला आकार वेरूळच्या पाथरवटानें दगडांत जपला. आम्हीं याच्या उलट केलें. पाथरवटाची जाळी लांकडावर आणली. एका पदार्थाचा आकार दुसऱ्यांत नेतांना काय ठेवावें व काय सोडावें, हा विचार तेव्हांहि करावा लागला असेल. आम्हांलाहि करावा लागला.

अस्तरासाठीं एका मुलानें घरून हिमरूच्या कापडाचे उरलेले तुकडे आणले. सूत व रेशीम मिळून विणलेलें हें आमच्या शहराचें जुनें कापड. तें स्वच्छ धुऊन, वाळवून, खालीं मऊ लोकरी नमद्याचा थर देऊन आंत बसविलें. दुसऱ्या एका मुलानें रेक्झिन सुचविलें होतें व तें यंत्रानेंच कापूं म्हणाला होता. दुकानदारांनीं त्यास साफ नकार दिला, आणि तो योग्य होता. रेक्झिन बहुधा पी. व्ही. सी. चें असतें. तें लेसरनें जळलें असतां हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायु निघतो. तो माणसाच्या फुप्फुसांस व यंत्रालाहि अपाय करतो. यंत्र चालू असतां त्याचें झांकण उघडूं नये, धूर बाहेर नेणारा पंखा बंद ठेवूं नये, आणि यंत्र सोडून कोणीं क्षणभरहि दूर जाऊं नये, कारण लांकूड पेट घेऊं शकतें. हे नियम मुलांनीं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले.

बाहेरून पॉलिशपेपरनें घांसून काजळी काढली. झांकण मिटावें म्हणून पुढच्या कडेस दोन लहान लोहचुंबक बसविले.

परीक्षा

पेटी त्या मुलीच्या हातीं देण्यापूर्वीं तिची परीक्षा घेतली. एक जुना, टाकून दिलेला चष्मा आंत ठेवून पेटी बांकाच्या उंचीवरून फरशीवर तीनदां पाडली. मग ती दप्तरांत तळाशीं ठेवून वर चार किलो पुस्तकें रचलीं व तें दप्तर दिवसभर तसेंच ठेविलें. एका कोपऱ्यास टवका उडाला. भिंगांस कांहीं झालें नाहीं. त्यानंतर तिच्या वडिलांना शाळेंत बोलाविलें. ते पाळी संपवून सायंकाळीं आले. त्यांनीं पेटी उघडमीट करून पाहिली, झांकणावर अंगठ्यानें जोर दिला, मग स्वतः तिच्यावर आपलें हेल्मेट ठेवून पाहिलें. "उद्यापासून ने," एवढेंच ते मुलीला म्हणाले.

ती आतां तिसऱ्या बांकावरच बसते. पण तिची मान शेजारणीच्या वहीकडे वळत नाहीं. उरलेल्या तीन मुलांचींहि घरें या वर्षीं झालीं. त्यांचीं मापें घेण्याचें काम तिनेंच केलें.

पालकांस आमची विनंति आहे कीं, मूल फळ्यावरचें चुकीचें उतरवूं लागलें, पुस्तक डोळ्यांशीं नेऊं लागलें किंवा दूरचें पाहतांना डोळे बारीक करूं लागलें तर त्यास रागावण्यापूर्वीं त्याचे डोळे तपासून घ्यावे. आम्हां शिक्षकांसहि हाच नियम लागू आहे. तो आम्ही उशिरां शिकलों. आणि घेतलेला चष्मा जपावा तो वापरण्यासाठीं, हें ध्यानांत असावें.

अभ्यासासाठीं उदाहरणें

१. एका चष्म्याच्या दांडीवर ४८, २० व १३५ असे अंक आहेत. केवळ यावरून पेटीची लांबी ठरवितां येईल काय? कारण सांगा.

२. छेदाची रुंदी ०.३ मि. मी. आहे. कापल्यानंतर दांता व खांच दोन्ही ८ मि. मी. व्हावयाचीं असल्यास आकृतींत प्रत्येकाची रुंदी किती काढावी?

३. दहा तुकड्यांच्या परीक्षेंत फट १.६५ मि. मी. उरली. एका छेदाची रुंदी काढा.

४. लेखांतील आंतील मापें व प्लायवूडची २.८ मि. मी. जाडी घेऊन पेटीचीं बाहेरील मापें काढा. ६० सें. मी. × ३० सें. मी. च्या पत्र्यांतून अशा किती पेट्यांचे भाग निघतील याचा अंदाज करा. बाहेरील तंतूंची दिशा विसरूं नका.

५. आपल्या घरांतील व शेजारच्या प्रत्येक चष्म्याचीं मापें घ्या. जो चष्मा असून वापरला जात नाहीं, त्याचें कारण विचारून वहींत लिहा.